तोंडाने काही देऊ नये

भंतेजींच्या पायाचं ड्रेसिंग करायला मी गेले ती निव्वळ भिडेखातर. माझ्या वॉर्डात वीस वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली आया एके सकाळी दारात येऊन उभी राहिली. "सिस्टर, आमच्या विहारात थोरले भंतेजी आलेत राहायला. शुगर हाय. पायाची जखम भरंना. रोज दवाखान्यात कोन नेनार? तुमी येऊन बघा की एकदा." मी म्हटलं, अगं, मी रिटायर झाले, आणि शिवाय मी ख्रिस्ती. ती म्हणाली, "जखमेला काय ठाव?" या बाईने वीस वर्षं माझी बोलणी खाल्ली होती. एकदा मी तिचं ऐकलं.

नाताळ नुकताच होऊन गेला होता. विहार आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या अलीकडे. वर पत्रा, आत लख्ख पुसलेली फरशी, समोर बुद्धमूर्ती आणि कडेला दोन खोल्या. एका खोलीत थोरले भंतेजी खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. सत्तरी उलटलेली. पूर्वी एसटीत कंडक्टर होते. बायको वारली, मुली आपापल्या घरी गेल्या, मग ह्यांनी चीवर घेतलं. सोबतीला तिशीतले धाकटे भंतेजी, विदर्भातले, पुस्तकात छापल्यासारखं मोजकं बोलणारे.

मी सवयीने दारातूनच "सलाम" म्हटलं. आमच्या चर्चच्या मंडळीत तसंच म्हणतात. धाकटे जरा गोंधळले. थोरले म्हणाले, "सलाम, सलाम. समद्या जातीची तिकिटं फाडल्यात मी. मला कुठलाबी नमस्कार चालतो."

मग धाकट्यांनी हळूच अडचण मांडली. भिक्खूंना स्त्रीचा स्पर्श वर्ज्य असतो. मी पिशवीतून ग्लोव्ह काढले आणि म्हटलं, "माझं वय चौसष्ट, ह्यांचं बहात्तर, आणि पायाला वास मारतोय. आता ठरवा काय ते." थोरले इतके हसले की त्यांना ठसका लागला. धाकट्यांनी मुकाट्याने कोमट पाणी आणून ठेवलं.

जखम तळपायाला होती, अंगठ्याच्या खाली, कडा पांढऱ्या आणि निबर. "दुखत न्हाय बगा," असं ते मोठ्या कौतुकाने सांगत होते. मी त्यांना तिथेच सुनावलं की न दुखणारी जखम सगळ्यात वाईट, दुखत असती तर वेळीच लक्ष गेलं असतं. त्या दिवसापासून एक दिवसाआड सकाळी नऊ वाजता मी विहारात जायला लागले.

धर्मावर वाद घालायचा माझा विचार नव्हता. पण गप्प बसून ड्रेसिंग करणं मला कधीच जमलं नाही. छत्तीस वर्षं पेशंटला बोलण्यात गुंतवायचं आणि तेवढ्यात चिकटलेला गॉज ओढून काढायचा, हीच माझी पद्धत. तेव्हा तोंडाचा पट्टा सुरूच असे. एके दिवशी मी विचारलं, "माणूस मेला की तुमच्यात तो कुठे जातो?"

"कोन?" भंतेजी म्हणाले.

"माणूस. त्याचा आत्मा."

"एक गाडी मोडीत काढली. चाकं एकीकडं गेली, इंजिन एकीकडं, पत्रा भंगारात. आता सांगा सिस्टर, गाडी कुटं गेली?"

मला राग आला. मी म्हटलं, "गाडीला बायको नसते, भंतेजी. आमचा देव प्रत्येकाला नावाने ओळखतो. शेवटच्या दिवशी नावानेच हाक मारून उठवणार आहे."

"मग बरं हाय की," ते म्हणाले.

हे त्यांचं "बरं हाय की" मला फार लागायचं. वाद घालावा, हरवावं, तर हा माणूस मध्येच हात सोडून द्यायचा. पण खरा राग त्याचा नव्हता. आमच्या श्रद्धेप्रमाणे मेलेला माणूस प्रभूमध्ये झोपी जातो. ख्रिस्ती कबरस्तानात माझ्या नवऱ्याच्या दगडावर मी तेच कोरून घेतलं आहे. आणि माझा नवरा झोपला नव्हता, हे मला रोज कळत होतं.

आमचे हे टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. शेडमध्ये सगळे माग एकदम चालतात तेव्हा कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, मालक आला, चहा आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. पाणी पाहिजे असेल तर दोन बोटं खालच्या ओठावर दोनदा आपटायची. घरी आल्यावरही हे तीच खूण करायचे. मी करवादायची, "देवाने तोंड दिलंय ना? पाणी दे म्हणा की." हे हसायचे आणि पुन्हा ओठावर बोटं आपटायचे.

सहा वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. नाकातून पोटात नळी घातली आणि कॉटच्या पायथ्याशी पाटी लटकवली: तोंडाने काही देऊ नये. अशा पेशंटला घोटभर पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, माणूस दगावू शकतो. हे मी आयुष्यभर नातेवाइकांना समजावत आले. ते मान डोलावतात आणि सिस्टरची पाठ वळली की चमचा बाहेर काढतात. अशा कित्येक बायकांना मी वॉर्डाबाहेर काढलं आहे.

ह्यांचा डावा हात तेवढा चालत होता. त्या हाताची दोन बोटं दिवसभर ओठावर आपटत राहायची. नळीतून पाणी जात होतं, शरीराला ते मिळत होतं, पण तोंड कोरडं पडलं होतं, जिभेला भेगा गेल्या होत्या. मी ओल्या गॉजने ओठ पुसायची. एकदा ह्यांनी तो गॉज दातात धरला आणि चोखायला लागले. मी तो ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुलाने चमच्यात पाणी घेतलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. मी त्याच्या हातावर फटका मारला, सगळ्या वॉर्डादेखत. चमचा कॉटखाली गेला. "मारायचंय का बापाला?" असं मी म्हटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता ह्यांचं हृदय बंद पडलं. छातीवर दाब देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली ती दोन बोटं अजून अर्धवट वाकलेली होती. दुसऱ्या दिवशी माती झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याने दिलेलं पाकीट मी उघडलं. आत केसपेपरची नक्कल होती. चौथ्या दिवशी सकाळी नऊची नोंद: गिळणं तपासलं, सुधारणा आहे, चमच्याने पाण्याचे घोट सुरू करावेत. डॉक्टरांनी लिहिलं होतं आणि पाटी काढायची राहून गेली होती.

दुसरी कुणी बायको असती तर तिने पहिल्याच दिवशी चोरून पाणी दिलं असतं. माझ्या जागी नर्स होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, पाटीकडे पाहिलं. तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, बहिणीला नाही, मुलाला तर नाहीच.

तेव्हापासून हे येतात. मला हे लिहिताना लाज वाटते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, शवागारात एकटीने जाऊन आले आहे. पण आमच्या शेजारी एका तेलुगू कुटुंबाचा मागांचा छोटा कारखाना आहे. दिवसभर तो खटखटत असतो आणि आम्हाला त्याची इतकी सवय की तो ऐकूही येत नाही. भर दुपारी लाईट जाते. माग एकदम थांबतात. पंखा थांबतो. आणि त्या शांततेत खिडकीजवळच्या खुर्चीत कुणीतरी बसलं आहे हे मला पाठीला कळतं. मी वळून पाहत नाही. डोळ्यांच्या कडेला हात वर जातो, ओठापाशी थांबतो. एकदा. दोनदा. उन्हाने अंगण पांढरंफटक पडलेलं असतं आणि माझे हातपाय गार पडतात. लाईट आली की माग सुरू होतात आणि खुर्चीत कुणी नसतं.

सुरुवातीला मी ओरडायची. "जा, झोपा जाऊन!" असं चक्क म्हणायची. मग एक दिवस मी ह्यांच्या फोटोपुढे पाण्याचा पेला ठेवला. ख्रिस्ती बाईने हे करू नये, मला चांगलं ठाऊक आहे. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थनासुद्धा करत नाहीत, मग पाणी कसलं? तरी रोज सकाळी भरायची आणि संध्याकाळी कढीपत्त्याला ओतायची. एकदा दुपारी पाळकसाहेब अचानक भेटीला आले. उन्हातून आलेला माणूस, फोटोखालचा पेला दिसला, उचलला आणि गटागटा प्यायले. वर म्हणाले, "बाई, तुमच्या माठाचं पाणी फार गोड." मला हसावं की रडावं कळेना. ते गेल्यावर मी दोन्ही केलं.

तर फेब्रुवारीत एका सकाळी भंतेजी घाईत होते. कुणाकडे तरी जलदान विधीला जायचं होतं. माणूस गेल्यावर काही दिवसांनी त्यांच्यात तो विधी करतात. घरचे लोक तांब्यातून वाटीत पाणी ओतत राहतात, वाटी भरून खाली ताटात सांडतं, आणि भंते सुत्त म्हणतात. आयाच्या घरी मी एकदा पाहिलं होतं. मी गॉज कापत होते, आणि माझ्या तोंडून विचारलं गेलं, "ते पाणी पोचतं का?"

"कुणाला?"

"ज्याच्यासाठी ओतता त्याला."

"न्हाय ओ," भंतेजी म्हणाले. "पानी ताटात पडतंय. ताटातनं झाडाला घालतेत. जित्त्या मानसानं द्यायला शिकावं म्हनून करायचं ते."

मी बँडेज गुंडाळत राहिले. माझ्या देवाच्या घरी मेलेल्याला पाणी द्यायची सोय नव्हती, आणि आता विहारातही नाही असं भंतेजी सांगत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी एक दार आहे असं वाटलं होतं.

"सिस्टर, लई आवळताय की," भंतेजी म्हणाले. मी पाहिलं तर बोटं निळी पडायला आली होती. मी घाईघाईने सोडलं. ते माझ्याकडे बघत होते. "कोन तहानलेलं हाय?"

मी सांगितलं. पाटीचं, गॉजचं, मुलाच्या हातावर मारलेल्या फटक्याचं, दुपारच्या खुर्चीचं, सगळं सांगितलं. कागदाचं सोडून. धाकटे भंतेजी दारात उभे राहून ऐकत होते, त्यांचीही मला फिकीर वाटली नाही.

मला वाटलं होतं हे म्हणतील, तुम्ही नियम पाळलात, तुमचा काय दोष. सगळे तेच म्हणतात. भंतेजी म्हणाले, "लई वाईट झालं." मग म्हणाले, "तुमच्या प्रभूला बी मरताना तहान लागली व्हती म्हनं?"

"हो."

"मग कुणी दिलं का काय?"

"शिपायांनी. आंब दिली, म्हणजे आंबट द्राक्षारस, बोळा भिजवून, काठीला लावून."

जलदानाची वेळ झाली होती, भंतेजी काठी टेकत निघून गेले. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. ज्यांनी खिळे ठोकले त्या माणसांनी पाणी नाही तर आंब तरी दिली होती. लहानपणापासून हा पाठ मी शेकडो वेळा ऐकला, आणि त्या शिपायांच्या बाजूने कधी विचार केला नव्हता. आता तर मला त्यांचा हेवा वाटत होता.

आमच्या उपासनेत दर रविवारी सगळी मंडळी मिळून पाप कबूल करते. शब्द छापलेले आहेत, मला पाठ आहेत, शेजारच्या बाईच्या साडीची किनार बघतही मी ते म्हणू शकते. मग पाळकसाहेब क्षमेचं वचन वाचतात आणि आम्ही गाणं म्हणतो. मी यावर हसत नाही. माझा त्यावर विश्वास आहे, आजही आहे. देवाने मला क्षमा केली असणार. पण तहान माझ्या नवऱ्याला लागली होती. मला क्षमा त्याच्याकडून हवी होती, आणि तो फक्त पाणी मागत होता.

मार्चमध्ये जखम भरता भरता पुन्हा चिघळली. मी हैराण झाले. औषध तेच, ड्रेसिंग तेच, शुगर मात्र वाढलेली. पौर्णिमेच्या दिवशी मी जरा लवकर पोचले. खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं की थोरले भंतेजी, तो तसला पाय घेऊन, जमिनीवर उकिडवे बसले आहेत, हात जोडून, आणि समोर वयाने निम्मे असलेले धाकटे. पालीत दोन-चार वाक्यं झाली. थोरले बोलले, धाकट्यांनी विचारलं, थोरल्यांनी उत्तर दिलं, धाकटे काहीतरी म्हणाले. दोन मिनिटांत आटोपलं. मी आत जाऊन आधी ओरडले, "या पायावर उकिडवं बसायला कुणी सांगितलं?" आणि मग विचारलं की हे काय चाललं होतं.

थोरले लहान मुलासारखे ओशाळले. "चूक कबूल करायची असती, दर पुनवंला, अवसंला. एका उपासिकेनं पेढे आनलेले. बारानंतर आमाला खायचं नसतंय. मी चार वाजता खाल्ले. तीन दिवस."

"पेढे!" मी कपाळाला हात लावला. "आणि मी इथे औषधं बदलतेय!"

"म्हनून तर सांगितलं की आता," भंतेजी म्हणाले.

राग ओसरल्यावर मी विचारलं की धाकट्यांनी काय विचारलं. धाकट्यांनीच उत्तर दिलं. "मी विचारलं, तुम्हाला चूक दिसते का? ते म्हणाले, दिसते. मी म्हणालो, पुढे सांभाळा."

"एवढंच? मग माफ कोण करतं?"

"माफ कोन करनार?" थोरले म्हणाले. "पेढा तर गेला पोटात."

धाकटे हसले नाहीत. ते आपल्या पद्धतीने सावकाश म्हणाले, "माफी असं काही नाही, ताई. फक्त ते झाकलेलं राहत नाही. चूक मोठी असेल आणि भिक्खूने ती झाकून ठेवली, तर झाकल्याची शिक्षा वेगळी असते. जितके दिवस झाकली, तितके दिवस तो संघात सगळ्यांच्या खाली बसतो."

माझ्या हातात कात्री होती. मला वाटलं ह्यांनी माझं कपाट उघडून पाहिलं आहे. अर्थात कुणी काही पाहिलं नव्हतं, तो मुलगा त्याच्या नियमाचं सांगत होता. पण मला बँडेजचं टोक सापडेना. मी कसंबसं म्हटलं, "ज्याच्या बाबतीत चुकलं तो मेला असेल, तर सांगायचं कुणाला?"

"मेलेल्याला काय सांगताय, सिस्टर?" थोरले म्हणाले. "जित्तं कोन हाय, ते बगा की."

जिवंत एकच होता, माझा मुलगा. तो पुण्यात असतो, कंपनीत आहे, लग्नाचा विषय काढला की उठून जातो. सणावाराला येतो, जेवतो, फोन बघतो, परत जातो. वडील गेल्यापासून त्याने प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी मिळणारी भाकर आणि द्राक्षारस, घेतलेलं नाही. सगळी मंडळी उठून वेदीकडे जाते, हा बाकावर मान खाली घालून बसून राहतो. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, तो "नंतर" म्हणाला. मला कारण माहीत होतं, किंवा माहीत आहे असं मी धरून चालले होते. आपल्या आईने आपल्या बापाला तहानलेलं मारलं, असं त्याच्या मनात बसलं होतं, आणि तो माझ्यावरचा राग देवावर काढत होता. म्हणून तर कागद दाखवायची हिंमत होत नव्हती. पाटी खरी होती तोवर मी निदान बरोबर होते. कागद दाखवला की तेही गेलं असतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तो आला. बारा ते तीन आम्ही चर्चमध्ये बसलो, पंखे गरम हवा फेकत होते. वधस्तंभावर प्रभूने उच्चारलेल्या सात शब्दांपैकी पाचव्यावर, तहानेच्या, मंडळीतल्या एका तरुण शिक्षिकेने छान विवेचन केलं. शेजारी मुलगा गुडघ्यावर हात घट्ट धरून बसला होता. मी त्याच्या बोटांची पांढरी पेरं पाहिली आणि मनात म्हटलं, उद्या.

शनिवारी सकाळी तो पोहे खात होता. मी कपाटातून पाकीट काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर बोलले नसते. "मी पप्पांना पाणी दिलं नाही. तुला देऊ दिलं नाही. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी परवानगी दिली होती. पाटी काढायची राहिली होती. मला नंतर कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. माझी चूक आहे आणि मला ती दिसते."

तो ओरडेल, उठून जाईल, ताट सारेल, असं मला वाटलं. त्याने कागद उघडला. बराच वेळ वाचत राहिला, ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाला, "सकाळी नऊ?"

"हो. नऊ."

"आणि पप्पा गेले तीनला."

"हो."

"मी बारा वाजता दिलं होतं," तो म्हणाला. "तू रिपोर्ट आणायला खाली गेली होतीस. मी दोन चमचे दिले. त्यांना ठसका लागला. मी घाबरलो. तिसरा मागत होते, बोटं आपटत होते, मी दिला नाही. दारातून तू येताना दिसलीस. तीन तासांनी ते गेले."

मला बसावं लागलं. दोन चमचे. देवा, दोन चमचे मिळाले होते ह्यांना. क्षणभर मला फक्त तेवढंच समजलं आणि मी रडायला लागले, आनंदाने म्हटलं तरी चालेल. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकीचं समजलं. मारायचंय का बापाला, असं मी त्याला विचारलं होतं. सहा वर्षं तो बाकावर बसून होता तो देवावर रुसून नव्हे, माझ्यावर रागावूनही नव्हे. आपल्या हाताने बाप गेला असं समजणारा माणूस वेदीपाशी हात पुढे कसा करणार?

"पाण्याने नाही गेले," मी म्हटलं. मी वॉर्डात बोलायची तसं स्पष्ट बोलायचा प्रयत्न केला. "ऐक माझं. पाण्याने ताप येतो, धाप लागते, छाती भरते, दिवस जातात. ह्यांचं हृदय एकदम बंद पडलं. ठसका लागला म्हणजे घसा काम करत होता. दोन चमचे द्यायला परवानगी होती, बाळा. तू बरोबर केलंस. त्या वॉर्डात तू एकट्यानेच बरोबर केलंस."

तो कागदाकडेच बघत होता. त्याने तो पालथा केला, मागे काही लिहिलं आहे का पाहिलं, पुन्हा सरळ केला. घड्या जिथे पडल्या होत्या तिथे कागद पिवळा होऊन फाटायला आला होता. त्या घडीवरून त्याने अंगठा फिरवला.

"मम्मी," तो म्हणाला, "हा तुझ्याकडे कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "मातीच्या दुसऱ्या दिवसापासून."